नितीनच्या सहीचा प्रश्न

ताई, मी मुंबईत विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत अ‍ॅडव्होकसीचं, म्हणजे त्यांच्या हक्कांसाठी पाठपुरावा करण्याचं, काम करते. यूडीआयडी कार्डाच्या (दिव्यांगत्वाच्या सरकारी ओळखपत्राच्या) रांगेपासून शाळाप्रवेशाच्या भांडणापर्यंत सगळं त्यात येतं. लालबागचा नितीन सव्वीस वर्षांचा आहे. त्याला बौद्धिक दिव्यांगत्व आहे. करी रोडहून विक्रोळीच्या कार्यशाळेत लोकलने एकटा जातो-येतो. वडील वारले. चाळ पुनर्विकासाला गेली आहे आणि पागडीची (एकरकमी रक्कम देऊन भाड्याने घेतलेली) खोली वडिलांच्या नावावर होती. नव्या घराचा करार मोठ्या भावाच्या नावाने करायचा असं आई आणि भावाने ठरवलं आहे. बिल्डरचा वकील म्हणतो, नितीनची ना-हरकत लागेल, पण त्याची सही चालणार नाही, गार्डियनशिप (कायदेशीर पालकत्व) घेऊन या. गार्डियन म्हणून भावाचंच नाव. अर्ज भरायला ते माझ्याकडे आले. नंतर एकदा नितीन एकटाच आला आणि म्हणाला, “मला गार्डियन नको. मला सही येते. माझं पण घर आहे.” मी अर्ज थांबवला. आई ऑफिसात आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “तू आमच्या घरात भांडणं लावतेस. मी गेल्यावर तू सांभाळणार आहेस का त्याला?” मला उत्तर देता आलं नाही. आमच्या विश्वस्तांत निम्मे अशा मुलांचे आई-वडीलच आहेत. संचालक म्हणतात, घरच्या भानगडीत पडू नकोस. मी कोणाच्या बाजूने उभी राहू? पगार बेताचा, फोन रात्री अकरालाही येतात. नोकरीच सोडावी असं वाटू लागलं आहे.

– शर्वरी, परळ (सर्व नावं बदलली आहेत)

प्रिय शर्वरी,

तुम्ही नितीनच्या बाजूने उभ्या राहा. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तो स्वतःहून आला, एकटा आला आणि तीन वाक्यांत आपलं म्हणणं सांगून गेला. तुमचं पद ज्या कामासाठी आहे ते काम हेच. मात्र नितीनची बाजू घेतली की त्याची आई आपोआप विरुद्ध बाजूला जाते, असं तुमच्या पत्रात कुठेतरी धरून चाललेलं दिसतं. ते मला मान्य नाही, आणि त्यावर मला बरंच बोलायचं आहे. पण आधी कागदांचं बघू. पुनर्विकासात घाई फार असते आणि घाईत झालेल्या सह्या निस्तरायला वर्षं जातात.

अर्ज थांबवलात ते योग्य केलंत. बौद्धिक दिव्यांगत्वासारख्या अवस्था असलेल्यांसाठीच्या १९९९ च्या राष्ट्रीय न्यास (नॅशनल ट्रस्ट) कायद्याखाली पालक, म्हणजे गार्डियन, नेमण्याचा अधिकार स्थानिक स्तर समितीकडे असतो. जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती, अशी ती समिती. तिचं काम आलेल्या अर्जावर शिक्का मारण्यापुरतं नाही. कायद्याच्या चौदाव्या कलमानुसार तिने दोन गोष्टी ठरवायच्या असतात: या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि असेल तर कोणत्या कारणांसाठी. आपल्याकडे दुसऱ्या प्रश्नावर थोडंफार बोलणं होतं, पहिल्यावर जवळजवळ नाही. मूल अठराचं झालं की शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखा गार्डियनशिपचा अर्जही भरून टाकायचा, असा रिवाजच पडला आहे. ज्याच्याविषयी तो अर्ज आहे त्याला बहुतेक वेळा कोणी विचारत नाही. इथे नितीनने न विचारता सांगितलं आहे. उद्या हा अर्ज फोर्टातल्या जुन्या कस्टम हाऊसमधल्या जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत गेलाच, तर नितीनला समितीसमोर बसवा आणि त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत नोंदवून घ्यावं असा आग्रह धरा.

दुसरा कायदा २०१६ चा, दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली, त्यातून तो आला आणि एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याचं तेरावं कलम तुमच्या टेबलावर छापून ठेवा. दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने मालमत्ता धारण करण्याचा, वारशाने मिळवण्याचा आणि आपले पैशाचे व्यवहार स्वतः पाहण्याचा हक्क त्यात आहे. त्याच कलमात असंही म्हटलं आहे की मदत करणारा आणि दिव्यांग व्यक्ती यांचे हितसंबंध एखाद्या आर्थिक व्यवहारात एकमेकांच्या आड येत असतील, तर मदत करणाऱ्याने त्या व्यवहारापुरतं बाजूला व्हायचं. आता तुमच्या प्रकरणाकडे पाहा. घर ज्याच्या नावावर होणार, तोच नितीनच्या वतीने ‘माझी हरकत नाही’ असं लिहून देणार. भाऊ माणूस म्हणून कसा आहे याच्याशी ह्याचा संबंध नाही. तो सज्जन असेल, नितीनवर त्याचा जीवही असेल. तरीही ह्या एका व्यवहारात त्याने नितीनच्या जागी सही करू नये. आईला आणि भावाला हे सांगताना संशयाचा सूर लावू नका. उद्या वहिनी, पुतणे, सासरची माणसं यांच्यापैकी कोणी भावाकडे बोट दाखवू नये, हे त्याच्याही फायद्याचं आहे. शिवाय गार्डियन झाल्यावर सहा महिन्यांत नितीनच्या मालमत्तेची यादी आणि मग दरवर्षी हिशोब द्यावा लागतो, हे त्याला कोणी सांगितलंय का ते विचारा. मला वाटतं, नसावं.

बिल्डरच्या वकिलाचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही, अर्धवट आहे. १८७२ चा करार कायदा विचारतो की करार करताना माणसाला तो समजतो का, आणि त्याचा आपल्यावर काय परिणाम होईल याचा तो विचार करू शकतो का. म्हणजे प्रश्न त्या कराराचा आणि त्या वेळेचा आहे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर टक्केवारी पाहिली आणि सही बाद केली, असं त्यात कुठेही नाही. नितीनला करार वाचून समजणार नाही हे उघड आहे. पुनर्विकासाचा करार वाचून समजणारी माणसं त्या चाळीत तरी किती असतील? इतर भाडेकरूंना समजावून सांगतात, तसं त्यालाही समजावून सांगायला हवं. त्याला जास्त वेळ लागेल, चित्रं लागतील, नकाशा लागेल. एवढं करूनही ह्या व्यवहारात त्याला आधाराची गरज आहे असं निघालं, तर २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाची सोय आहे. ते ठरावीक निर्णयासाठी आणि ठरावीक मुदतीसाठी असतं. पालक आणि ती व्यक्ती या दोघांनी मिळून, परस्परांच्या विश्वासाने आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून निर्णय घ्यायचा, अशी त्यामागची कल्पना आहे. तिथे ज्याला घरात वाटा नाही असं माणूस सुचवता येईल, एखादा मामा किंवा मावशी, नितीनला चालणारं कोणीही.

आणि नितीनला स्वतःचा वकील हवा. बिल्डरचा नको, भावाचा नको, संस्थेच्या ओळखीतला उपकार म्हणून येणाराही नको. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. मुंबई शहराच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, तो नितीनच्या नावाने आणि नितीनच्या सहीने. वडिलांच्या पागडीवर आता कोणाकोणाचा हक्क लागतो, करारात तिघांची नावं घालता येतील का, हे त्या वकिलाला ठरवू द्या. तुम्ही वकील नाही, आणि इथे वकिलासारखं बोलू नका.

आता जे काम फक्त तुम्हीच करू शकता, त्याबद्दल. नितीन म्हणाला, गार्डियन नको. त्याला त्यातून नेमकं काय म्हणायचं आहे? भाऊ नको? घर जाईल अशी भीती? की कार्यशाळेत कोणी त्याला काही सांगितलं? हे तुम्हाला अजून माहीत नाही. जन्मभर ‘शहाणा मुलगा’ म्हणवून घेण्यासाठी मोठ्यांना हो म्हणत आलेली ही माणसं असतात. समोरच्याला काय ऐकायचंय ते त्यांना चटकन कळतं आणि ते तेच उत्तर देतात. ती मोठी माणसं आई किंवा शिक्षक असतात, तशी तुम्हीही असू शकता. तुमच्या चेहऱ्यावरची पसंती पाहून त्याने दिलेलं उत्तर आईच्या धाकाने दिलेल्या उत्तराइतकंच परकं असेल. म्हणून ‘तुला घर हवंय ना?’ असं विचारू नका. हो-नाहीत संपणारे प्रश्नच टाळा. आई नसताना विचारा, आई असताना विचारा, वेगळ्या दिवशी पुन्हा विचारा, आणि पर्यायांचा क्रम उलटा करून बघा. तो बोलायला वेळ घेत असेल तर गप्प बसून राहा, त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. एकदा त्याच्याबरोबर चाळीत जा, खोलीसमोर उभं राहा आणि ‘हे पाडल्यावर तू कुठे असशील?’ असं विचारा. मोठ्या अक्षरांत, छोट्या वाक्यांत, एका पानावर एकच गोष्ट अशी चार-पाच पानं त्याच्यासाठी तयार करा आणि त्याला घरी नेऊ द्या. त्याचं उत्तर तुम्हाला आवडणारं नसेल अशीही शक्यता आहे. घर दादाच्या नावावर चालेल, पण माझी खोली मला पाहिजे, असं तो म्हणू शकतो. मग तुम्ही त्या खोलीसाठी भांडायचं.

२००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे चंडीगडच्या सरकारी संस्थेतल्या एका अनाथ तरुणीचं प्रकरण आलं होतं. तिला बौद्धिक दिव्यांगत्व होतं. संस्थेतच तिच्यावर अत्याचार झाला आणि त्यातून ती गरोदर राहिली. प्रशासनाने गर्भपाताची परवानगी मागितली आणि उच्च न्यायालयाने ती दिली. तिला मात्र मूल हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तिचं म्हणणं ग्राह्य धरलं: ती सज्ञान आहे, तिच्या संमतीशिवाय हे करता येणार नाही. तिच्या भल्याची भाषा बोलणारे सगळे एका बाजूला होते आणि ती एकटी दुसऱ्या बाजूला. तुमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला हे प्रकरण माहीत असायला हवं.

आता नितीनच्या आईकडे येते. ऑफिसात सगळ्यांसमोर त्या जे बोलल्या ते तुम्हाला लागलं असणार. पण त्यांचा प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तर मिळायला हवं. मुंबईच्या चाळीत नितीनसारख्या मुलाला सांभाळणारी एकटी आई कधीच नसते. गॅलरीतून जाताना चार दारांतून त्याला हाक येते. तो उशिरा आला तर खालचा दुकानदार सांगतो, आत्ताच वर गेला. गणपतीत आरतीचं तबक कोणाच्या हातात द्यायचं हे ठरलेलं असतं. आईला बरं नसलं तर शेजारची न सांगता त्याचा डबा भरते. ही सगळी सोबत कोणत्याही कागदावर नाही, तिच्यासाठी कोणी पैसे मोजलेले नाहीत, आणि इमारत रिकामी झाली की ती जाणार. आधी कुठेतरी भाड्याचं घर, कदाचित पार कल्याण-विरारकडे, मग कधीतरी टॉवर, लिफ्ट आणि बंद दारं. नवरा गेलेला, घर मोडायला आलेलं, आणि हातात धरण्यासारखं काय, तर गार्डियनशिपचा एक अर्ज. तोही तुम्ही थांबवलात. त्यांच्या जागी दुसरं कोणीही असंच बोललं असतं.

म्हणून त्यांच्याकडे जा. ऑफिसात बोलावू नका, घरी जा. ‘काकू, तुम्ही विचारलंत ते बरोबर आहे. मी एकटी त्याला सांभाळू शकणार नाही. पण कोण कोण काय काय करेल हे तुम्ही असताना, नितीनला विचारून, आपण ठरवू शकतो,’ एवढं सांगा. गार्डियनशिपचं प्रमाणपत्र कोणाला जेवायला वाढत नाही, गोळी चुकली तर आठवण करत नाही, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. एक वही घ्या. नितीनला कोणत्या गोळ्या लागतात, तो कशाने बिथरतो, कशाने शांत होतो, दाढी स्वतः करतो की नाही, कोणत्या डॉक्टरांवर त्याचा विश्वास आहे, हे त्या सांगतील आणि तुम्ही लिहा. नितीनही शेजारी बसलेला असू दे, त्याला दुरुस्त्या करू दे. मग त्याला विचारा, आई नसली तर तुला कोण कोण हवंय. तीन-चार नावं निघतीलच. त्या माणसांना एकत्र बोलवा आणि प्रत्येकाकडून एक छोटं, पेलवेल असं काम कबूल करून घ्या. रोज संध्याकाळी फोन, महिन्यातून एकदा बँकेत बरोबर जाणं, असं काहीतरी. राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना त्याला लागू आहे का, तिचं नूतनीकरण झालंय का ते तपासा. एक लाखापर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण त्यात मिळतं. आईने मृत्युपत्र केलंय का हेही हळूच विचारा. आणि घर बदलायच्या आधीपासून नव्या ठिकाणाहून विक्रोळीला जायचा सराव सुरू करा, कारण त्याची लोकल तुटली तर त्याचं निम्मं स्वातंत्र्य जाईल. त्याच्या आईला तुमची मदत हवी आहे ती ह्या गोष्टींत. अर्जाच्या भांडणात तुम्ही दोघी एकमेकींशी याबद्दल बोललाच नाहीत.

संचालकांचं म्हणणं मी सहज उडवून लावणार नाही. ह्या शहरात ह्या क्षेत्रातलं खूप काही पालकांनी उभं केलं आहे. शिवडीची जय वकील शाळा १९४४ मध्ये एका कुटुंबाने आपल्या मुलीसाठी सुरू केली. मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी मुंबईत १९७२ मध्ये काढली, तीही मुलीला शिकायला जागा मिळेना म्हणून. १९९९ च्या कायद्यामागेही पालकांचा, ‘आमच्यानंतर काय’ ह्या प्रश्नाचा रेटा होता. ज्यांनी दारं उघडली त्यांना बाजूला हो म्हणणं कोणालाच सोपं नाही. पण त्या शाळांतली मुलं आता तिशी-चाळिशीची आहेत. सज्ञान माणसाचा घरातला हक्क ही ‘घरची भानगड’ असेल, तर अ‍ॅडव्होकसीचं पद संस्थेने ठेवलंच कशाला, हे तुम्ही संचालकांना विचारायला हवं. शांतपणे विचारा आणि लेखी विचारा. व्यक्तीची इच्छा आणि घरच्यांची इच्छा वेगळी असेल तेव्हा संस्था काय करणार, याचा नियम मागा. मी सुचवेन की अशा वेळी दोन कार्यकर्त्या असाव्यात, एक व्यक्तीबरोबर आणि एक कुटुंबाबरोबर, आणि दोघींच्या नोंदी वेगळ्या. विश्वस्तांतल्या पालकांना हे कदाचित तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा लवकर पटेल, कारण आपल्या मुलाला उद्या कोणी फसवू नये ही त्यांचीही रात्रीची काळजी आहे.

शिवाय नितीनला त्याच्यासारख्यांची सोबत मिळवून द्या. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या लोकांनी स्वतः जमून ‘पीपल फर्स्ट’ सुरू केलं. आपल्याकडेही पालकांच्या ‘परिवार’ ह्या राष्ट्रीय महासंघाने सेल्फ अ‍ॅडव्होकेट्सना, म्हणजे आपली बाजू स्वतः मांडणाऱ्या दिव्यांग व्यक्तींना, आपला मंच दिला आहे. तुमच्या संस्थेत शनिवारी दोन तास एक खोली मोकळी असेल तर तिथे ह्या मुलामुलींना बसू द्या. विषय ते ठरवतील. ‘मला सही येते’ हे वाक्य नितीन तिथे म्हणाला की आणखी चौघे मान डोलावतील, आणि पुढच्या वेळी तो समितीसमोर बोलेल तेव्हा त्याला तुमच्या चेहऱ्याकडे बघावं लागणार नाही.

नोकरीचं. तुमचा थकवा खरा आहे. ह्या कामात पगार थोडा, कौतुक त्याहून थोडं, आणि दोन्हीकडून बोलणी खावी लागतात. पण आईने सगळ्यांसमोर अपमान केला त्या आठवड्यात राजीनामा लिहू नका. आधी काही गोष्टी बदलून बघा. रात्री नऊनंतर फोन संस्थेच्या नंबरवर, आळीपाळीने. अवघड प्रकरणात एकटीने जायचं नाही. पंधरा दिवसांतून एकदा कोणा अनुभवी व्यक्तीशी फक्त ह्या प्रकरणांविषयी बोलायला तास राखून ठेवायचा, आणि तो संस्थेच्या वेळेतला असेल. हे मागितल्यावर संचालकांनी हसण्यावारी नेलं, किंवा नितीनचा अर्ज तुमच्याकडून काढून घेऊन गुपचूप भरला गेला, तर तिथून बाहेर पडायला तुम्ही मोकळ्या आहात. मुंबईत हे काम करणाऱ्या इतरही संस्था आहेत आणि कायदा वाचलेल्या कार्यकर्त्या त्यांना हव्याच असतात.

जायचं ठरलंच, तर नितीनला ते दुसऱ्या कोणाकडून कळू देऊ नका. महिनाभर आधी तुम्ही स्वतः सांगा, कॅलेंडरवर तारीख दाखवा, आणि तुमच्या जागी येणाऱ्या व्यक्तीला घेऊन एकदा त्याच्याबरोबर करी रोडहून विक्रोळीपर्यंत जाऊन या. वकिलाचा नंबर त्याच्या फोनमध्ये फोटोसकट असू द्या, आणि त्याच्यासाठी केलेल्या त्या मोठ्या अक्षरांतल्या पानांची एक प्रत त्याच्याजवळ, एक काकूंजवळ.